पाणी अडतं ते ऑक्टोबरात

रत्नागिरी जिल्ह्याचं नाव दुष्काळग्रस्त तालुक्यांच्या यादीत सहसा येत नाही. येणार तरी कसं? केंद्र सरकारच्या 2016 सालच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पहिली अट पावसाच्या तुटीची आहे. सरासरीच्या मानाने पाऊस किती कमी पडला, मध्ये किती दिवस उघडीप राहिली, हे आधी बघायचं. ती अट पुरी झाली तरच पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल वगैरे तपासायचं. त्याआधीपासून चालत आलेली पैसेवारीही पिकावरच बेतलेली. पन्नास पैशांच्या आत आली की गावाचं गाऱ्हाणं ऐकलं जातं. ही दोन्ही मापं घाटावरच्या शेतीकडे बघून ठरली आहेत. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापूरच्या पाच-सहा पट. त्यातला पाव हिस्सा एखाद्या साली पडलाच नाही, तरी भात पदरात पडतं आणि पैसेवारी शाबूत राहते. मग मार्च सरता सरता खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांज्याच्या वरच्या वाड्यांमधून टँकरसाठी अर्ज यायला लागतात.

सरकारदरबारी याला टंचाई म्हणतात आणि तिच्यासाठी दरवर्षी आराखडा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विंधन विहिरी, नळपाणी योजनांची विशेष दुरुस्ती, खाजगी विहिरींचं अधिग्रहण, गाळ काढणं आणि सरतेशेवटी टँकर, असे त्यातले उपाय. कागद चोख असतो. फक्त धावपळ आणि खर्च यांचा भर शेवटच्या टप्प्यावर येतो, आणि यादीतल्या बऱ्याचशा वाड्या गेल्या वर्षीच्याच असतात. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच वाडीवर येणाऱ्या संकटाला आपत्ती म्हणून हाताळणं, यात कुठेतरी गफलत आहे. माझं म्हणणं असं की रत्नागिरीच्या पाण्याचा प्रश्न मे महिन्यात दिसत असला तरी तो ऑक्टोबरात सुटतो किंवा बिघडतो. आणि ऑक्टोबरात सिमेंटपेक्षा माणसांची गरज जास्त असते. नेमकी तीच या जिल्ह्यात कमी पडली आहेत.

आधी जमिनीचं बोलू. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचं अंतर इथे पन्नास-साठ किलोमीटर. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्या एवढ्याशा पल्ल्यात दोन-तीन हजार फूट उतरतात. जुलैचं पाणी दिवसा-दोन दिवसांत खाडीला मिळतं. जमिनीतही ते फार दिवस राहत नाही. किनाऱ्याकडचे सडे, म्हणजे सपाट माथे, जांभ्याचे. जांभा भोकाभोकांचा, पाणी चटकन पितो. पण खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यावाटे बाहेर पडतं. जुनी गावं, देवळं, आगरं नेमकी या कडेच्या खाली का वसली, याचं उत्तर त्या झऱ्यांत आहे. झरा डिसेंबरात जोमाने वाहतो, फेब्रुवारीत त्याची धार करंगळीएवढी होते, एप्रिलमध्ये नुसती ओल उरते. सह्याद्रीच्या बाजूला काळा कातळ. तिथे पाणी मुरायला भेगांपुरतीच जागा. खाडीकाठच्या विहिरींचं दुखणं आणखी वेगळं, तिथे पाणी असतं पण उन्हाळ्यात ते मचूळ होतं. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी साधारण दर तीन वर्षांनी गंगा अवतरते, चौदा कुंडं भरतात, यात्रा भरते आणि काही काळाने ती निघून जाते. भूगर्भातल्या पोकळ्या आणि वक्रनलिकेसारख्या वाटा यांचा हा खेळ असावा, असं अभ्यासक मानतात. तीन वर्षांनी येणाऱ्या पाण्यासाठी मुंबईहून लोक धावत येतात. घराच्या मागे वर्षातले आठ महिने येणाऱ्या झऱ्याच्या तोंडावर मात्र झुडपं वाढलेली असतात.

आता थोडा हिशेब. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. एवढ्या छपरावर तीन मीटर पाऊस पडला तर ते तीन लाख लिटर पाणी झालं. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर हे माप ठरवलं. पाच माणसांच्या घराला त्या मापाने रोज 275 लिटर लागतात, आणि पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांना सुमारे 66 हजार लिटर. गळती आणि पहिल्या सरींचं सोडून द्यायचं पाणी वजा केलं तरी तीसेक चौरस मीटर छप्पर एवढं पाणी देतं. पडवीवरची कौलंसुद्धा पुरेत. म्हणजे आकाशाकडून काही कमी पडत नाही. पण 66 हजार लिटर ठेवणार कुठे? पाच मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकी लागेल. घराशेजारी दुसरं घर बांधण्यासारखं ते काम. चार महिन्यांपुरतं बघायचं म्हटलं तर खर्च निम्मा होईल, तरीही रोजंदारीवरच्या कुटुंबाला तो झेपणार नाही. डोंगरमाथ्यावरच्या शाळांसाठी, अंगणवाड्यांसाठी, झरा नसलेल्या धनगरवाड्यांसाठी अशा टाक्या सरकारने जरूर बांधाव्यात. बाकीच्यांना साठवणीची एकच जागा परवडण्यासारखी आहे, ती म्हणजे डोंगर. पाणी त्यातून जितकं सावकाश उतरेल तितकं बरं.

पाणी आणून सोडलं की प्रश्न मिटतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी चिपळूण तालुक्याकडे बघावं. कोयनेच्या शिवसागर जलाशयातलं पाणी खरं तर पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं. 1962 पासून ते बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं जाऊ लागलं. पुढे कोळकेवाडीला आणखी एक टप्पा झाला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. वीज तयार झाली की हे अवजल वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या बाकी बहुतेक नद्या एप्रिलमध्ये दगडगोट्यांचे पट्टे होतात, तेव्हाही वाशिष्ठीत पाणी असतं. त्यातलं काही चिपळूण शहर घेतं, काही लोटे-परशुरामचे कारखाने घेतात, उरलेलं दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं. हे पाणी मुंबईला न्यावं, उत्तर रत्नागिरीला फिरवावं, अशा योजना गेली कित्येक वर्षं निवडणुकीआधी वर येतात आणि नंतर खाली बसतात. आणि त्याच चिपळूण तालुक्यात, बारमाही वाहणाऱ्या त्याच नदीच्या खोऱ्यात, वरच्या वाड्यांना टँकर लागतो.

याचं कारण भूगोलाच्या पहिल्या पाठातलं आहे. नदी तळाशी आहे आणि तहानलेली वाडी वर, डोंगराच्या अंगावर. वीस-तीस घरांची वाडी, पुढच्या वाडीत आणि तिच्यात एखादा पऱ्या, म्हणजे ओढा, आणि मैलभर चढ. तिथवर पाणी चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा हवा आणि पंप जळला तर तो दुरुस्तीला खाली नेणारा माणूस हवा. पाणी शेकडो मीटर खाली उतरवून वीज मिळवायची आणि तीच वीज जाळून पाणी परत वर चढवायचं, हा व्यवहार ज्याला जमतो त्याने जरूर करावा. सौर पंपांमुळे बिलाचं ओझं हलकं झालं आहे हे मान्य. पण जिथे जिथे नळयोजना बंद पडल्याचं ऐकू येतं, तिथे विजेइतकंच कारण असतं की ती चालवायला कुणी उरलं नव्हतं. वाडीला पाणी हवं तर ते वाडीच्या वरच्या अंगाला अडलं पाहिजे. खाली कितीही टीएमसी असोत.

मोठ्या आणि मध्यम धरणांबद्दल मला तत्त्वाचा राग नाही. 1997 साली कोकण पाटबंधारे विकास महामंडळ झालं, खोऱ्याखोऱ्यांत मातीची धरणं उभी राहिली, त्यांतल्या काहींचा शहरांना चांगला उपयोग आहे. सिंचनाचं गणित मात्र बहुतेक ठिकाणी जमलं नाही. घाटावरच्या धरणाखाली सपाट शिवार असतं. इथे भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, गुंठ्यागुंठ्यांची, एकेका सातबाऱ्यावर पंधरा नावं. कालवा डोंगराच्या कुशीने न्यायचा तर दर पावसाळ्यात तो कुठेतरी ढासळतो. भात कापल्यावर गुरं मोकाट सुटतात, वांदर आणि रानडुक्कर येतात, त्यामुळे दुसरं पीक घ्यायला कुणी धजत नाही. एकेकाळी पाटाच्या पाण्यावर होणारी वायंगणी शेती आता थोड्या गावांतच दिसते. धरणात पाणी, खाली ते घेणारं शेत नाही, आणि वरची वाडी कोरडी, असा तिहेरी प्रकार.

तिवऱ्याची आठवण काढल्याशिवाय इथे पुढे जाता येत नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं दगावली. धरणाला गळती आहे, हे गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं आणि राज्यभर त्यांची टिंगल झाली. मला त्या टिंगलीत एक गोष्ट सुटलेली दिसते. खेकडे बांध पोखरतात हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भाताच्या प्रत्येक खाचराच्या बांधावर दरवर्षी त्यांची बिळं चिखलाने बुजवली जातात. हे काम न सांगता होतं, कारण बांध ज्याचा आहे तो माणूस पावसात स्वतः त्यावर उभा असतो. मंत्र्यांच्या विधानावरचा खरा सवाल असा होता की, शेतकरी आपल्या हातभर बांधाची जेवढी राखण करतो तेवढी धरणाच्या बांधाची करायला कोण नेमलेलं होतं? बांधण्यासाठी निविदा निघते, उद्घाटनाला मंडप पडतो. दर पावसाआधी बांधावरून एकदा चालून येण्यासाठी निविदा निघत नाही.

मग छोटं ते चांगलं म्हणून शेततळ्यांकडे वळावं, तर तिथेही घाटावरची नक्कल आड येते. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली. नगर, जालना, नाशिककडे त्या तळ्यांचं काय झालं हे आता लपलेलं नाही. पावसाचं वाहतं पाणी धरण्याऐवजी अनेकांनी विहिरी-बोअरमधून उपसलेलं भूजल प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात भरून ठेवलं. सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या बागेत उघड्यावर वाळत पडलं. कोकणात तसं भूजलच नाही, त्यामुळे ते पाप तरी आपल्याकडून घडत नाही. पण जांभ्यात खणलेलं तळं अस्तराशिवाय पाणी धरत नाही, आणि उतारावर तेवढी सपाट जागा काढायची तर अर्धा डोंगर कापावा लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हे ओळखून जलकुंडाचा आकार पुढे आणला. कलमांच्या ओळीत छोटा खड्डा, त्यात अस्तर, पावसाने भरलेला. आंबा-काजूच्या कोवळ्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे थोडंसं पाणी मिळालं की पुढे त्यांना ते मागावं लागत नाही. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळालं आणि वरकस जमिनींवर कलमं चढली. त्या सगळ्या कलमांसाठी आधी वाडीच्या विहिरीतूनच कळशा गेल्या आहेत. जलकुंड हे या जमिनीकडे बघून सुचलेलं उत्तर आहे, आणि ते लहान आहे म्हणून त्याचं कुणाला कौतुक नाही.

पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारलाही कोकणातून अनेकदा गाड्या जाऊन आल्या. सरपंच, ग्रामसेवक, बचतगटाच्या बाया तिथले समतल चर आणि बंधारे बघून, फोटो काढून परततात. चारशे मिलिमीटरच्या गावात चर हवेत हे खरं. तीन हजार मिलिमीटरच्या जांभ्याच्या उतारावर तेच चर कुठे कुठे दरडीला आमंत्रण ठरतील. तिथून उचलायची गोष्ट वेगळीच होती. पाऊस संपला की ते गाव ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पडलं, पिण्याला किती, गुरांना किती, उरलं त्यात कोणतं पीक. ताळेबंद आणायला गाडी लागत नाही, म्हणून तो कुणी आणला नाही.

सड्याबद्दल दोन शब्द. महसुली कागदांत सडा म्हणजे पोटखराबा, पडीक. उन्हाळ्यात तो काळा, तापलेला, उजाड दिसतो, त्यामुळे त्यावर काहीही केलं तरी चालतं असा समज आहे. चिरेखाणी, प्लॉट, जेसीबीने सपाट केलेल्या बागा, आणि अधूनमधून एखादा मोठा प्रकल्प. बारसूच्या सड्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून जे रण पेटलं त्यात कातळशिल्पांची चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण सड्याखालच्या वाड्यांचे झरे त्याच सड्यावर पडलेल्या पावसाचे आहेत, ही गोष्ट त्या सगळ्या वादात मागे राहिली. जांभ्याचा चिरा कापून नेला की पाणी पिणारा थरच ट्रकमध्ये भरून गेला असं समजावं. प्रत्येक खाण बंद करा असं मी म्हणत नाही, कोकणातली घरं चिऱ्याचीच आहेत, माझंही त्यातलंच. पण कोणता सडा कोणत्या झऱ्यांना पाणी देतो याचा नकाशा हातात असल्याशिवाय खाणीचा परवाना निघू नये. भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 पासून राज्यात आहे. हे काम तिला अवघड नाही.

आता ऑक्टोबर. पाऊस परततो, पऱ्ये अजून खळाळत असतात. या दोन-तीन आठवड्यांत पऱ्यावर, व्हाळावर, दगड, माती, पाला आणि आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घालून कच्चा बंधारा घातला की मागे पाणी तुंबतं, काठची जमीन भिजते आणि खालच्या विहिरीची पातळी धरून राहते. मोहन धारियांच्या ‘वनराई’ने, जी 1986 साली सुरू झाली, गोण्यांच्या बंधाऱ्याला राज्यभर नाव मिळवून दिलं. दापोलीच्या विद्यापीठाने दगडांच्या बांधावर प्लास्टिकचा कागद लावून ‘कोकण विजय बंधारा’ केला. पण पऱ्या अडवायची रीत या दोन्हींहून जुनी आहे. जूनच्या पहिल्या लोंढ्याला हा बांध वाहून जातो, आणि हाच त्याचा गुण आहे. मागे गाळ साचत नाही, पुराला वाट मिळते, तिवऱ्यासारखी भीती नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा नद्यांत साचलेल्या गाळाची चर्चा राज्यभर झाली. ज्या उतारावर जुलैत शहर बुडतं त्याच उतारावर मे महिन्यात हंडे रांगेत लागतात. तिथे दरवर्षी घालायचा आणि दरवर्षी वाहून जाणारा बांध हा पक्क्या भिंतीपेक्षा शहाणा आहे.

त्याच्या मर्यादा आहेत. कच्चा बंधारा मे महिन्यापर्यंत पाणी दाखवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तो रिकामा दिसतो आणि टीकाकार म्हणतात, बघा, गेलं पाणी. पण बंधाऱ्यात पाणी दिसणं हा त्याच्या यशाचा मापदंड नाही. खालची विहीर किती उशिरा तळ गाठते, हे बघायचं. विहीर एप्रिलच्या सुरुवातीऐवजी मे महिन्याच्या मध्याला आटली तर टँकरच्या फेऱ्या निम्म्याहून कमी होतात. आणि एका बंधाऱ्याने हे होत नाही. एकाच पऱ्यावर वरपासून खालपर्यंत पाच-सात लागतात, योग्य आठवड्यात. हा शेवटचा मुद्दा सरकारी मोहिमेत हमखास चुकतो. दर गावाला बंधाऱ्यांचा आकडा दिला जातो, गोण्या येईपर्यंत, बैठका होईपर्यंत डिसेंबर उजाडतो, पऱ्या झिरपण्यावर आलेला असतो. त्यात बांध घातला की फोटो निघतो, आकडा भरतो आणि अडवायला पाणी नसतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही तेच. भिंत पक्की, फळ्या वेळेवर पडत नाहीत, किंवा असलेल्या फळ्या कुणीतरी उचलून नेलेल्या असतात.

ऑक्टोबरच्या त्या दोन आठवड्यांत गावात असतं कोण? 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाख होती, 2011 मध्ये ती 16.15 लाखांवर आली. महाराष्ट्राची वाढत होती, इथली घटली. दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया. हा आकडा मुलींच्या कौतुकाचा नाही, मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे. गणपतीला वाडी भरते, तेव्हा पाणी दुथडी वाहत असतं. मग चाकरमानी परत जातात, आणि बंधारा घालायची वेळ येते तेव्हा मागे उरतात म्हातारेकोतारे आणि बाया, ज्यांच्या अंगावर भातकापणीही पडलेली असते. पुढे मे महिन्यात, विहिरी तळाला गेल्यावर, चाकरमानी मुलाबाळांसकट परततात. लग्नं, पूजा, जत्रा याच दिवसांत. वाडीची माणसं दुप्पट होतात तेव्हा तिचं पाणी वर्षातलं सर्वात कमी असतं. टंचाईच्या अर्जावर पहिली सही बऱ्याचदा त्यांच्याच दबावाने पडते. ही तक्रार म्हणून सांगत नाही. मुंबईच्या पैशावर कोकणातली घरं उभी आहेत. पण पाण्याच्या ताळेबंदात हा स्थलांतराचा रकाना कुठल्याही आराखड्यात मला दिसलेला नाही.

यावर ज्येष्ठ मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं की पूर्वी गाव एक होऊन बांध घालायचं, आता एकी राहिली नाही. हे अर्धं खरं आहे. पूर्वी ज्याने दगड वाहिले त्याला बऱ्याचदा निवड नव्हती. खोतीच्या काळात वेठ होती, खोताच्या शेताला पाट आधी जाई. खोती कायद्याने 1949 साली संपली, तिच्याविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्येच विधेयक आणलं होतं. आणि शेजारच्या महाडात 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर जे घडलं ते पाण्याच्या टंचाईमुळे घडलं नव्हतं. तळं भरलेलं होतं. वाड्यांची मांडणी अजूनही जातीची आहे, आणि पुष्कळ गावांत चांगली विहीर कुठे आणि बौद्धवाडी कुठे हे अंतर त्या मांडणीनेच ठरलेलं आहे. म्हणून जुनी एकी परत आणा, असं मी म्हणणार नाही. त्या एकीत कोणाचे हात होते आणि पाणी कोणाकडे जात होतं, हे विसरून चालणार नाही. आता लागते ती मजुरी देऊन केलेली, हिशेब असलेली राखण.

त्यासाठी नवं पद काढायची गरज नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक असतो. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणं, पाण्याचे नमुने घेऊन तपासणीला पाठवणं ही त्याची कामं, आणि मानधन एवढं तुटपुंजं की तो हे काम बाकी चार उद्योगांच्या जोडीला करतो. त्याच्या कामाची हद्द टाकीपासून सुरू होते. ती मागे, झऱ्यापर्यंत आणि पऱ्यापर्यंत न्यावी. वाडीवाडीला असा एक माणूस, बाई असेल तर जास्त चांगलं, कारण पाणी आटल्याची पहिली खबर तिलाच असते. सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत त्याला मजुरीच्या दराने पूर्ण पगार द्यावा. झऱ्याची तोंडं साफ ठेवणं, पऱ्यावरचे बांध ऑक्टोबरात घालणं आणि गळले की डागडुजी करणं, विहिरीची पातळी दर पंधरवड्याला वहीत लिहिणं, धरण असेल तर त्याच्या बांधावरून चालून येणं. दगड वाहायला जोडीला माणसं लागतीलच, ती रोजगार हमीतून मिळू शकतात, फक्त मंजुरी ऑगस्टमध्ये हवी.

पैशाचं म्हणाल तर टंचाई आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात तो बसवता येतो. कायद्याने नाही, सवयीने अडलं आहे. शिवाय प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं. या मंडळांनी सभामंडप बांधले, कळस चढवले, रस्त्यासाठी आमदारांकडे खेटे घातले. त्यांची वर्गणी गोळा करायची पद्धत सरकारच्या वसुलीपेक्षा कार्यक्षम आहे, हे मी गमतीने म्हणत नाही. मे महिन्याचं पाणी जे वापरणार, त्यांनी ऑक्टोबरच्या मजुरीत वाटा उचलावा, यात अन्याय काही नाही.

यावरचा सर्वात टोकदार आक्षेप मुंबईकरांकडून येणार नाही, खालच्या वाडीकडून येईल. वरच्या वाडीने पऱ्यावर बांध घातले की सुरुवातीचे काही दिवस खालच्या वाडीचं वाहतं पाणी कमी होतं. पुढे मुरलेलं पाणी त्यांच्याही विहिरीला लागतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तोवर कुणीतरी रात्री जाऊन गोण्या फाडलेल्या असतात. पुष्कळ बंधारे उंदीर-खेकड्यांनी नाही, शेजाऱ्यांनी फोडलेले आहेत. म्हणून कोणत्या पऱ्यावर किती बांध, कोणता पूर्ण अडवायचा आणि कोणत्याला सांड ठेवायची, खालच्या वाडीच्या गुरांसाठी किती पाणी सोडायचं, हे दगड पडण्याआधी लिहून ठेवलं पाहिजे. 1 मेच्या ग्रामसभेला चाकरमानी गावात असतात, तेव्हा वर्गणी ठरू शकते. 2 ऑक्टोबरच्या सभेत पऱ्यांची वाटणी ठरू शकते. दोन्ही तारखा आधीपासून कॅलेंडरात आहेत. अडचण एवढीच की ऑक्टोबरच्या सभेला कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसल्याने जे पाच-सातजण येतात तेच ठराव करतात. त्या पाच-सातजणांत वरच्या वाडीचा एक आणि खालच्या वाडीचा एक असला, तर या वर्षीचे बंधारे घालता येतील.